मूल मोजून झालं, पुढे काय?

मराठीत मुलाच्या बुद्धीचा निकाल एका अक्षरात लागतो : ‘ढ’. त्यामागची गोष्ट अशी सांगतात की ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत येताना बाकीच्या अक्षरांची वळणं बदलत गेली, हे एकच अक्षर होतं तसंच राहिलं. म्हणून वर्षानुवर्षं शाळेत बसूनही ज्याच्यात फरक पडत नाही तो ‘ढ’. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. बदलायचं होतं ते अक्षराने, आणि ते त्याला जमलं नाही. लिहिणाऱ्या हाताची, लेखणीची, ज्यावर कोरलं त्या दगडाची चौकशी कोणी करत नाही.

शैक्षणिक मानसशास्त्रज्ञाकडे मूल पाठवतात तेव्हा बहुतेक वेळा याच एका अक्षराचा निवाडा मागितलेला असतो. शब्द सभ्य असतात. ‘बौद्धिक क्षमता तपासून द्यावी’, ‘अभ्यासात लक्ष नाही, कृपया मूल्यमापन करावे’. मतलब एकच : दोष मुलात आहे, तो किती आहे ते मोजून कागदावर लिहून द्या. मला वाटतं, या पेशाचं खरं कसब हा प्रश्न मागितला तसा न सोडवण्यात आहे. ‘या मुलात काय कमी आहे’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘हे मूल नेमकं कुठे अडतं, आणि तिथे आपल्यापैकी कोणी काय वेगळं करायचं’ हे विचारणं, हेच त्यांचं काम. आणि अनेक देशांतल्या व्यवस्थांनी त्यांना नेमकं तेच करायला वेळ ठेवलेला नाही, ही माझी तक्रार आहे.

सुरुवात तर चांगली झाली होती. १८९६ साली फिलाडेल्फियातल्या एका शिक्षिकेने चौदा वर्षांचा एक मुलगा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर यांच्याकडे आणला. मुलगा चुणचुणीत, पण स्पेलिंग काही केल्या जमत नव्हतं. मानसशास्त्र तेव्हा प्रयोगशाळेत रमलेलं होतं. ते एखाद्या मुलाच्या शुद्धलेखनाच्या कामी यावं अशी अपेक्षा कोणाची नव्हती. विटमर यांनी पाहिलं तर डोळ्यांतही दोष निघाला. त्यावर इलाज झाला आणि जोडीला नेटाने शिकवणी सुरू झाली. मानसशास्त्राचं पहिलं चिकित्सालय त्यातून उभं राहिलं. त्या पहिल्याच प्रकरणात कोणी मुलाला किती बुद्धी आहे हे सांगत बसलं नाही. त्याला दिसतं का, हे आधी पाहिलं आणि मग शिकवलं.

गंमत अशी की त्याच वर्षी इंग्लंडमध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दुसऱ्या एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. हा मुलगा बुद्धिमान होता, पण वाचन येत नव्हतं. स्वतःचं नाव लिहितानासुद्धा अक्षरं उलटीपालटी व्हायची. त्याला अनेक वर्षं शिकवलेल्या मास्तरांचं मत मॉर्गन यांनी नोंदवलंय : सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. मॉर्गन यांनी निदान केलं जन्मजात शब्दांधत्वाचं. पुढे त्याचंच नाव डिस्लेक्सिया झालं, त्यावर उत्तम संशोधन झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्या लेखातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते मास्तरांचं वाक्य. मुलाची अडचण त्याच्या मेंदूत जेवढी होती तेवढीच शाळेने ज्ञानाला ठेवलेल्या एकुलत्या एका दारात होती, हे त्या माणसाने सहज बोलून टाकलं होतं. निदान पाठ्यपुस्तकांत गेलं आणि मास्तरांचं वाक्य तिथेच राहिलं.

मग आकडा आला. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी नेमलेल्या आयोगापुढे प्रश्न होता की नेहमीच्या वर्गात मागे पडणारी मुलं ओळखायची कशी. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये तीस कृतींची एक मोजपट्टी केली. हेतू एवढाच की अशी मुलं हेरावीत आणि त्यांना वेगळी मदत द्यावी. बुद्धी म्हणजे जन्मतः ठरलेला, न वाढणारा साठा, असं मानणाऱ्यांना बिने यांनी १९०९ मध्ये खडसावलं. त्या विचाराला त्यांनी क्रूर निराशावाद म्हटलं. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी मनाची कवायत आखली होती. त्यात पुतळ्यासारखं स्तब्ध राहण्याचा एक खेळही होता, कारण शिकायला बसण्याआधी लक्ष देणं हेसुद्धा शिकावं लागतं. १९११ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला, म्हणजे मूल ज्या वयाच्या मुलांइतकं सोडवतं त्या वयाला, प्रत्यक्ष वयाने भागून गुणोत्तर काढलं, १९१६ मध्ये लुईस टर्मन यांनी अमेरिकेत मोजपट्टीची मोठी सुधारित आवृत्ती आणली, आणि बुद्ध्यंक घरोघरी पोचला. कवायत फ्रान्समध्येच राहिली.

लंडनच्या शिक्षणखात्याने १९१३ मध्ये सिरिल बर्ट यांना अर्धवेळ नेमलं, ते जगातले पहिले सरकारी शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ समजले जातात. बुद्धी बव्हंशी आनुवंशिक असते यावर त्यांचा ठाम विश्वास. त्यांच्या मृत्यूनंतर लोकांना दिसलं की त्यांच्या जुळ्यांवरच्या अभ्यासात जुळ्यांच्या जोड्यांची संख्या वाढत गेली तरी सहसंबंधाचा, म्हणजे जुळ्यांची बुद्धी एकमेकांशी किती जुळते याचा, आकडा दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत तसाच राहिला. खऱ्या जगात असं होत नाही. ‘ढ’ अक्षरासारखा न बदलणारा आकडा त्यांच्याच कागदांत निघाला, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

आता या सगळ्यापासून दूर, एका वर्गात जाऊ. समजा आठ वर्षांचं एक मूल आहे आणि शिक्षिकेची तक्रार आहे की ते सांगितलेलं ऐकत नाही, खिडकीबाहेर बघत बसतं, मध्येच शेजाऱ्याची वही ओढतं. चांगला मानसशास्त्रज्ञ चाचणीची पेटी लगेच उघडत नाही. तो सकाळभर मागच्या बाकावर बसतो. शिक्षिका एका दमात सांगतात : वह्या काढा, वर तारीख घाला, कालचं गणित खोडू नका, पुढच्या पानावर फळ्यावरची पहिली चार उतरवून घ्या आणि झालं की हाताची घडी घालून बसा. मूल वही काढतं. मग थांबतं. इकडे तिकडे बघतं. शेजाऱ्याची वही ओढतं, कारण पुढे काय करायचं ते तिथेच लिहिलेलं असतं.

यातून किती वाटा फुटतात बघा. कदाचित त्याला नीट ऐकूच येत नसेल. लहान मुलांमध्ये कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, सर्दीबरोबर ते येतं-जातं, त्यामुळे मूल एक दिवस ऐकतं आणि एक दिवस ऐकत नाही, आणि मोठ्यांना तो मुद्दामपणा वाटतो. कदाचित भाषाच अपुरी पडत असेल. भाषाविकासाची अडचण साधारण ७ टक्के मुलांमध्ये आढळते, म्हणजे तीसच्या वर्गात दोघं. पण ती तोंडावर दिसत नाही, म्हणून तिला हट्टीपणा, आळस, आगाऊपणा अशी नावं पडतात. कदाचित पाच सूचना एकदम मनात धरून ठेवणं त्याच्या कार्यकारी स्मृतीला झेपत नसेल. कदाचित गणितच दोन पायऱ्या वरचं असेल. कदाचित रात्री झोप होत नसेल, किंवा घरात असं काही चाललं असेल की कुठल्याच गणितात जीव लागू नये.

प्रत्येक शक्यतेची परीक्षा वेगळी, आणि बऱ्याच परीक्षा वर्गातच होतात. सूचना एकेक करून द्या. जमलं, तर स्मृतीकडे बोट जातं. एकच सूचना देऊनही मूल अडलं, पण तीच करून दाखवल्यावर लगेच पुढे गेलं, तर भाषा तपासा. पाठीमागून हळू आवाजात नाव घ्या. वळत नसेल तर आधी कानाचे डॉक्टर. गणित एक पायरी खाली आणा आणि बघा. हीच पद्धत थोडी शिस्तीत बांधली की तिला गतिशील मूल्यमापन म्हणतात : आधी विचारायचं, मग थोडं शिकवायचं, मग पुन्हा विचारायचं, आणि मोजायचं ते मधल्या शिकवण्याने किती फरक पडला ते. या विचाराचं मूळ रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्कींपर्यंत जातं. मूल एकट्याने जे करू शकतं आणि कोणाच्या मदतीने जे करू शकतं त्यांमधलं अंतर, तिथेच शिकणं घडतं, असं ते म्हणत. रूव्हेन फॉयरस्टाइन यांनी इस्रायलमध्ये युद्धाने आणि स्थलांतराने उखडलेल्या मुलांबरोबर हेच करून पाहिलं. नेहमीच्या चाचण्यांनी ज्यांना मतिमंद ठरवलं असतं अशी मुलं शिकवल्यावर शिकत होती.

मग शिक्षिकेशी बोलणं. इथे पुष्कळ कामं बिघडतात. बाहेरचा माणूस दोन तास बसून जातो आणि ‘वैयक्तिक लक्ष द्यावे’ असं लिहून ठेवतो, ते उंटावरून शेळ्या हाकणं झालं. चाळीस मुलांच्या वर्गात वैयक्तिक लक्ष कुठून द्यायचं ते मात्र तो लिहीत नाही. याउलट, ‘सूचना तोडून द्या, त्या फळ्यावर एकाखाली एक लिहा, मुलाला पहिली सूचना त्याच्याच तोंडून परत म्हणायला लावा, तीन आठवड्यांनी मी येतो, मग आपण बघू’ असं ठरलं तर ते होऊ शकतं. यात हिशेब साधा आहे. मानसशास्त्रज्ञ मुलाला चार तास भेटतो, शिक्षिका वर्षभर भेटते. तिची एक सवय बदलली तर त्या मुलाला फायदा होतोच, पण ज्या दुसऱ्या मुलाकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं त्यालाही होतो, आणि पुढच्या वर्षीच्या वर्गालाही. चाचणीचा अहवाल एका मुलापुरता असतो आणि बहुधा कपाटातच राहतो.

मग सगळे मानसशास्त्रज्ञ अहवालच का लिहीत बसतात? कारण मदतीचं कुलूप अहवालानेच उघडतं अशी सोय आपण करून ठेवली आहे. अमेरिकेत कित्येक वर्षं वाचनातल्या अक्षमतेसाठी मदत हवी तर बुद्ध्यंक आणि वाचन यांत मोठी तफावत दाखवावी लागे. पहिलीतल्या मुलाला अशी तफावत दाखवता येत नाही; त्यासाठी पुरेसं मागे पडावं लागतं. म्हणजे नियमच सांगत होता, आधी नापास हो, मग बघू. शिवाय अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्याचा जो सराव लागतो तो जास्त बुद्ध्यंकवाल्याला आणि कमी बुद्ध्यंकवाल्याला सारखाच लागतो. तफावतीचा आकडा काय शिकवायचं याबद्दल काहीच सांगत नव्हता. २००४ च्या कायद्याने राज्यांना ही अट लादायला मनाई केली. अट लावायला सोपी होती, म्हणून ती इतकी वर्षं टिकली.

इंग्लंडचं उदाहरण जास्त शिकवणारं आहे, कारण तिथे हेतू चांगला होता. २०१४ च्या कायद्याने जन्मापासून पंचवीस वर्षांपर्यंतच्या, विशेष मदतीची गरज असलेल्या मुला-तरुणांना शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांच्या एकत्र आराखड्याचा हक्क दिला. आराखड्याआधी शैक्षणिक मानसशास्त्रज्ञाचा सल्ला घेणं बंधनकारक, तो सहा आठवड्यांत द्यायचा, सगळी प्रक्रिया वीस आठवड्यांत संपवायची. हक्क कागदावर आला की लोक तो मागणारच, त्यात गैर काही नाही. पण मागणी वाढत गेली, मानसशास्त्रज्ञ त्या प्रमाणात वाढले नाहीत, आणि त्यांचे दिवस कायदेशीर सल्ले लिहिण्यात जाऊ लागले. शाळेत जाऊन बसायचं, शिक्षकांबरोबर विचार करायचा, अडचण लहान असताना पकडायची, हे काम मागे पडलं. लहान अडचणी मग मोठ्या होऊन अर्जाच्या रूपात परत येतात. आग लागल्याची लेखी खात्री झाल्याशिवाय बंब निघत नाही, आणि सगळे बंबवाले खात्रीपत्रं लिहिण्यात गुंतलेले.

इथे पालक मला अडवतील, आणि अडवायलाच हवं. ‘तुम्हाला बोलायला काय जातं? कागद नसेल तर आमच्या मुलाला जादा वेळ कोण देणार, लेखनिक कोण देणार?’ बरोबर आहे. ज्या व्यवस्थेत शब्दाला किंमत नाही तिथे शिक्का हीच सुरक्षा असते. दुसरंही आहे. वर्षानुवर्षं आळशी, बेफिकीर, मठ्ठ अशी बोलणी खाल्लेल्या मुलाला जेव्हा कळतं की याला डिस्लेक्सिया म्हणतात आणि हे हजारोंना असतं, तेव्हा त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. आईबापांनाही आपण काही चुकलो का या प्रश्नातून सुटका मिळते. नाव मिळण्यातला हा दिलासा मी कमी लेखत नाही. फक्त एवढंच बघावं की ‘ढ’ हेही नावच होतं. नावापुढे काय करायचं ते लिहिलेलं असेल तरच ते नाव मुलाच्या कामाचं.

दुसरी बाजूही सरळ नाही. चाचण्या फेकून द्या म्हणणाऱ्यांनी कॅलिफोर्नियाचा इतिहास बघावा. तिथे मंद मुलांसाठीच्या वेगळ्या वर्गांत कृष्णवर्णीय मुलं त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार जास्त होती. १९७१ मध्ये पालक न्यायालयात गेले, आणि १९७९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकम यांनी या मुलांना अशा वर्गांत टाकण्यासाठी बुद्धिमापन चाचण्या वापरायला बंदी घातली. योग्यच केलं. पण १९८६ मध्ये ही बंदी वाढवून कृष्णवर्णीय मुलांना कुठल्याच विशेष शिक्षणासाठी अशा चाचण्या द्यायच्या नाहीत असं ठरलं. मग काही कृष्णवर्णीय मुलांचेच पालक उलटा दावा घेऊन आले : आमच्या मुलाची अडचण शोधायला आम्हाला चाचणी हवी आहे, आणि केवळ वर्णामुळे ती नाकारली जाते आहे. १९९२ मध्ये ती वाढीव बंदी उठली. चाचणी नसली की मूल माणसांच्या नजरेच्या हवाली होतं, आणि नजर चाचणीपेक्षा निःपक्षपाती असते असं मानायला काही आधार नाही. शांत, आज्ञाधारक, मागच्या बाकावरची मुलगी कोणाच्याच तक्रारीत येत नाही. तिला काहीच समजत नाहीये हे कित्येकदा नीट केलेल्या चाचणीतूनच बाहेर येतं.

म्हणून माझा झगडा चाचणीशी नाही. तिच्याकडून आपण निवाडा मागतो, त्याच्याशी आहे. आजच्या बुद्धिचाचण्यांत सरासरी १०० धरतात आणि साधारण दोन-तृतीयांश लोक ८५ ते ११५ च्या मध्ये येतात. प्रत्येक गुणांकाला मापनाची चूक चिकटलेली असते, त्यामुळे ७२ हा आकडा खरं तर एक पट्टा असतो, काही अंकांचा, खाली आणि वर. मदत मिळायची रेघ ७० वर ओढलेली असेल तर एका झोपाळू सकाळीवर मुलाची वर्षं ठरू शकतात. मदत गरज दिसल्या दिवशी सुरू व्हावी. तिचा परिणाम काय होतो ते दर काही आठवड्यांनी मोजावं. ज्यांना तेवढ्याने पुरत नाही त्यांच्यासाठी मानसशास्त्रज्ञाची खोल तपासणी राखून ठेवावी. यात नवं काही नाही, अनेक ठिकाणी असं चालतं. पण त्यासाठी मानसशास्त्रज्ञ शाळेच्या आवाक्यात हवा. अमेरिकेतल्या शालेय मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस ५०० विद्यार्थ्यांमागे एक अशी आहे, आणि तिथेही बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षातलं प्रमाण त्यापेक्षा पुष्कळ विरळ आहे. जगात अशा कितीतरी शाळा आहेत ज्यांनी हा माणूस कधी पाहिलेलाच नाही.

किशोरवयात हे सगळं आणखी अवघड होतं, कारण आता मूल स्वतःच शिक्का पुसायला किंवा मिरवायला शिकलेलं असतं. एखादी पंधरा वर्षांची मुलगी शाळेत यायची बंद होते. सकाळी पोटात दुखतं, दुपारी बरं वाटतं. घरचे म्हणतात नाटक. पोटदुखी खरी असते. भीती शरीरातून बोलते. घरी राहिलं की भीती ओसरते, आणि ओसरलेली भीती दुसऱ्या दिवशी घरीच राहायला शिकवते, असा फास बसत जातो. दंड, धमक्या, हजेरीची पत्रं यांनी तो आवळतो. मानसशास्त्रज्ञाला इथे गुप्तहेराचं काम असतं : नेमकं काय टाळलं जातंय? मधली सुट्टी? मोठ्याने वाचायला लावणारा एक तास? जिन्यावरची एक टोळी? ते कळलं तर परतीची वाट एका तासापासून, एका विश्वासाच्या माणसापासून आखता येते. आणि ते कळायला त्या मुलीला विचारावं लागतं. १९८९ च्या बालहक्क करारातलं बारावं कलम मुलांना त्यांच्याबद्दलच्या निर्णयांत मत मांडण्याचा हक्क देतं, पण बहुतेक बैठकांत मुलाबद्दल सहा मोठी माणसं बोलतात आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो बाहेर बाकावर पाय हलवत बसलेला असतो.

अहवालही असाच मुलाच्या डोक्यावरून जातो. वीस-वीस पानं, तक्ते, शतमानं, ‘सौम्य स्वरूपाची तूट’ असले शब्द. पालक शेवटचा परिच्छेद वाचतात, शाळा प्रत फाइलला लावते. काही मानसशास्त्रज्ञ आता मुलालाच पत्र लिहितात, त्याला समजेल अशा भाषेत : आपण भेटलो तेव्हा तू कोडी किती पटकन सोडवलीस, लांब वाक्यं ऐकताना कुठे हरवलास, तुझ्या बाईंशी मी काय ठरवलंय, आणि पुढच्या वेळी हरवलास तर हात वर करून काय म्हणायचं. एका पानाचं पत्र. ते लिहायला वीस पानांच्या अहवालापेक्षा जास्त वेळ लागतो असं लिहिणारे सांगतात, कारण यात ‘तूट’ हा शब्द वापरता येत नाही, आणि ठरवलेलं खरंच ठरवलेलं असावं लागतं. मूल नंतर विचारू शकतं.